स्टेरॉइड चालू असताना तोंडात बुरशी झाली, तर पंप बंद करावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचे वय 62 आहे. दम्यासाठी दोन वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ स्टेरॉइडचा पंप चालू आहे. गेल्या महिन्यात दम वाढला, तेव्हा दहा दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या आणि जोडीला अँटिबायोटिकही घ्यावे लागले. त्यानंतर जिभेवर आणि गालांच्या आतून फाटलेल्या दुधासारखे पांढरे ठिपके दिसू लागले, तोंडाची आग होऊ लागली, अन्नाची चव गेली आणि वरची कवळी घालणे नकोसे झाले. हे सगळे पंपामुळे झाले असे कोणी तरी सांगितल्यावरून त्यांनी चार दिवसांपूर्वी पंप बंद केला आहे, आणि तोंड आले आहे असे समजून त्यासाठीचे एक मलम त्या लावत आहेत. हे बरोबर आहे का, आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे, असे त्यांच्या मुलीने विचारले आहे.

आधी तातडीचे सांगते. पंप बंद ठेवू नका. ज्या डॉक्टरांनी तो दिला आहे त्यांच्याशी आजच बोला आणि तो पुन्हा सुरू करून घ्या. स्टेरॉइडच्या पंपाचा परिणाम हळूहळू चढतो आणि हळूहळूच उतरतो. त्यामुळे पंप सोडल्यावर पहिले काही दिवस काहीच बिघडलेले जाणवत नाही, आणि 'बघा, पंपाशिवायही चालते' असा समज होतो. श्वासनलिकांची सूज मात्र त्या काळात आतल्या आत वाढत असते. नुकताच दम उसळून गेलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. तोंडातली बुरशी त्रासदायक असली तरी ती योग्य उपचाराने एक-दोन आठवड्यांत बरी होते. दम्याचा मोठा झटका जिवावर बेतू शकतो. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ, म्हणजे साधारण तीन आठवड्यांहून अधिक काळ घेणाऱ्यांनी तर त्या स्वतःच्या मनाने एकाएकी मुळीच थांबवू नयेत, कारण तोपर्यंत शरीराने कॉर्टिसोल हे स्वतःचे स्टेरॉइड संप्रेरक तयार करणे कमी केलेले असते आणि अचानक आलेली ती तूट रक्तदाब घसरून कोसळण्यापर्यंत जाऊ शकते.

दुसरी तातडीची गोष्ट त्या मलमाची. तोंड आल्यावर लावायला दिल्या जाणाऱ्या मलमांपैकी बऱ्याच मलमांत ट्रायमसिनोलोनसारखे स्टेरॉइडच असते. साध्या फोडांवर ते गुणकारी आहे, पण बुरशीवर ते लावणे म्हणजे जिच्यामुळे बुरशी वाढली तीच गोष्ट तिला पुन्हा पुरवणे होय. नळीवरचे घटक वाचा, आणि स्टेरॉइड असेल तर ते लावणे थांबवा. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांमध्ये ही चूक मी वारंवार पाहते आणि तिचा दोष रुग्णांना देता येत नाही. तोंडाची आग झाली की 'तोंड आले' हा एकच शब्द आपल्याला सुचतो आणि त्या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळे आजार एकत्र येतात.

आता हे होते कसे, ते समजून घेऊ. ही बुरशी बहुतेक वेळा कॅन्डिडा अल्बिकन्स असते. दोन्ही शब्द लॅटिन आहेत आणि दोन्हींचा रोख पांढरेपणाकडेच आहे. ती बाहेरून आलेली नसते. निरोगी माणसांपैकी फार मोठ्या हिश्श्याच्या तोंडात ती एरवीही गुण्यागोविंदाने नांदत असते, गोल पेशींच्या रूपात, काहीही अपाय न करता. लाळेचा प्रवाह, लाळेतील प्रतिद्रव्ये, तोंडातले इतर जिवाणू, आणि अस्तराखाली दक्ष असलेल्या पांढऱ्या पेशी हे सगळे मिळून तिला मर्यादेत ठेवतात. हा पहारा ढिला पडला की तीच बुरशी गोल रूप सोडून लांब तंतू काढते, ते तंतू अस्तरात शिरतात आणि पेशींना इजा करणारे विषही सोडतात. म्हणूनच तोंडातल्या नमुन्यात कॅन्डिडा उगवली, एवढ्यावरून आजार सिद्ध होत नाही. डोळ्यांना काय दिसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतू आहेत का, यावर निदान ठरते.

स्टेरॉइडचे काम दाह कमी करण्याचे आहे आणि दाह कमी होतो तो याच पांढऱ्या पेशींचा जोर उतरवून. फुप्फुसात आपल्याला तेच हवे असते. पण पंप थेट तोंडात धरून ओढला, तर औषधाचा मोठा भाग, अनेकदा निम्म्याहून पुष्कळ अधिक, फुप्फुसात न जाता जिभेवर, टाळूवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर बसतो. तिथे त्याचा उपयोग काहीच नसतो, तो फक्त पहारा ढिला करतो. गोळ्यांचा मार्ग वेगळा आहे: त्या रक्तातून सर्व शरीरावर परिणाम करतात आणि त्याबरोबर रक्तातील साखरही वाढवतात. साखर वाढली की लाळेतही ग्लुकोज वाढते आणि बुरशीला खाद्य मिळते. तुमच्या आईच्या बाबतीत पंप, गोळ्या, तोंडातले जिवाणू मारणारे अँटिबायोटिक आणि कवळी, अशा चार गोष्टी एका महिन्यात एकत्र आल्या. एकट्या पंपावर ठपका ठेवणे मला त्यामुळेच पटत नाही. दोन वर्षे तोच पंप चालू होता आणि तोंड ठीक होते, हेही लक्षात घ्यावे.

या बुरशीची रूपे एकापेक्षा अधिक आहेत. तुम्ही वर्णन केलेले पांढरे रूप ओळखायला सर्वांत सोपे. तपासताना मी बोटावर ओलसर गॉझ गुंडाळून त्या ठिपक्यावरून हलकेच फिरवते. बुरशी असेल तर थर साईसारखा निघून येतो आणि खाली लालबुंद, कधी किंचित रक्त येणारी जागा दिसते. हे एकदा, तपासणीपुरते करायचे असते. घरी जीभ खरवडण्याच्या पट्टीने रोज हे थर काढत बसू नये. त्याने जखम वाढते आणि बुरशी जात नाही.

मात्र स्टेरॉइड घेणाऱ्यांमध्ये लाल रूपही तितकेच महत्त्वाचे आहे, आणि तेच बहुधा नजरेतून सुटते. त्यात पांढरे काहीच नसते. जिभेचा वरचा भाग गुळगुळीत आणि लाल होतो, तिखट-गरम सोसत नाही, किंवा टाळूवर, बरोबर जिथे जीभ टेकते तिथे, लाल पट्टा उमटतो. कवळी वापरणाऱ्यांत तर कवळी काढून टाळू पाहिला की लालीची कडा कवळीच्या कडेशी तंतोतंत जुळते, जणू कोणी कवळीचा ठसा टाळूवर मारला आहे. अनेकदा याचे दुखणे मुळीच नसते, त्यामुळे वर्षानुवर्षे कोणी पाहतही नाही. आईंची वरची कवळी काढून उजेडात टाळू जरूर पाहा. गालावरचे पांढरे ठिपके औषधाने गेले आणि टाळूची लाली तशीच राहिली, तर महिन्याभरात सगळे परत येते. ओठांचे कोपरे चिरलेले असतील तर तेही याच आजाराचे टोक असू शकते. तिथे बुरशीबरोबर जिवाणूही असतात.

आणखी एक रूप आहे, ज्याबद्दल मला गांभीर्याने सांगायचे आहे. गालाच्या आत, विशेषतः ओठांच्या कोपऱ्यामागे, जाड पांढरा चट्टा, जो गॉझने पुसला जात नाही. ही खोल रुजलेली बुरशी असू शकते, तंबाखूमुळे आलेला चट्टा असू शकतो, लायकेन प्लॅनस हा आजार असू शकतो, किंवा कर्करोगाच्या आधीची अवस्थाही असू शकते. पुसला न जाणारा आणि दोन आठवड्यांच्या योग्य उपचारानेही न हटणारा चट्टा केवळ बघून बुरशी ठरवू नये. त्याचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो.

उपचारांविषयी. 1950 साली कॉर्टिसोन या स्टेरॉइडवरील कामाला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन संशोधिकांनी निस्टॅटिन हे बुरशीविरोधी औषध जगापुढे मांडले. न्यूयॉर्क स्टेट या नावावरून त्याचे नाव पडले. आज पाऊण शतकानंतरही सौम्य आजारात आम्ही तेच लिहून देतो. त्याचा द्राव प्रत्येक मिलिलिटरमध्ये 1 लाख युनिट इतक्या तीव्रतेचा असतो. मोठ्या माणसांना साधारण 4 ते 6 मिलिलिटर, दिवसातून 4 वेळा, 7 ते 14 दिवस, असे त्याचे प्रमाण. हा द्राव आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलाच जात नाही, त्यामुळे इतर औषधांशी त्याचा झगडा नाही. पण याच कारणामुळे तो बुरशीला जिथे भिडेल तिथेच काम करतो. घटकन गिळून टाकला तर उपयोग नाही. कवळी काढून, द्राव तोंडात सगळीकडे फिरवून, जितका वेळ जमेल तितका, निदान दोन-तीन मिनिटे, तोंडात धरावा आणि त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. ठिपके दिसेनासे झाल्यावरही दोन दिवस तो चालू ठेवावा. यातील पुष्कळ द्रावांत साखर असते, हे मधुमेह असलेल्यांनी आणि स्वतःचे दात शिल्लक असलेल्यांनी ध्यानात ठेवावे. दुसरा पर्याय क्लोट्रिमाझोलच्या चघळायच्या गोळ्यांचा: 10 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून 5 वेळा, हळूहळू विरघळू द्यायची. ज्यांचे तोंड कोरडे असते त्यांना ती विरघळवणे कठीण जाते, त्यांना मी द्रावच देते.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या आणि निस्टॅटिन एकाच वेळी वापरू नयेत. दोन्ही एकमेकांना निकामी करतात, म्हणून दोहोंमध्ये निदान अर्धा तास, शक्यतो त्याहून जास्त अंतर ठेवावे. दोन्ही औषधे अगदी नेमाने घेऊनही गुण आला नाही अशी तक्रार येते तेव्हा ती एकापाठोपाठ एक घेतली जात नाहीत ना, हे मी आधी विचारते.

आजार पसरलेला असेल, गोळ्यांच्या रूपातील स्टेरॉइड चालूच राहणार असेल, किंवा द्रावाने भागले नसेल, तर फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध पोटात द्यावे लागते, बहुधा रोज 100 ते 200 मिलिग्रॅम, 7 ते 14 दिवस. इथे मात्र चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम फ्लुकोनाझोलमुळे धोकादायक प्रमाणात वाढतो, आणि मायकोनाझोलचे तोंडात लावायचे जेलही या बाबतीत निरुपद्रवी नाही. ते जेवढे शोषले जाते तेवढ्यानेही वॉरफरिन घेणाऱ्यांना रक्तस्राव होऊ शकतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर साखर एकाएकी उतरू शकते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी काही औषधेही याच यादीत येतात. गर्भवतींना फ्लुकोनाझोलच्या गोळ्या शक्यतो दिल्या जात नाहीत.

स्टेरॉइड घेणाऱ्यांसाठी याहूनही जवळची एक गोष्ट आहे, जी क्वचितच सांगितली जाते. ब्युडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन ही पंपांतली स्टेरॉइड यकृतात ज्या विकराने (एन्झाइमने) मोडली जातात, त्याच विकराला इट्राकोनाझोलसारखी बुरशीविरोधी औषधे अडवून धरतात. म्हणजे पंप तोच, मात्रा तीच, पण शरीरात साठणारे स्टेरॉइड कितीतरी जास्त. चेहरा गोल होणे, साखर वाढणे, शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल दबणे, हे सगळे केवळ पंपावर असलेल्या माणसातही यामुळे घडलेले आहे. फ्लुकोनाझोलमध्ये हा गुण सौम्य आहे आणि थोड्या दिवसांच्या उपचारात सहसा अडचण येत नाही, तरीही बुरशीविरोधी गोळी लिहून देणाऱ्याला पंपाचे नाव ठाऊक असलेच पाहिजे. 'औषधे कोणती चालू आहेत' असे विचारल्यावर पुष्कळ लोक गोळ्यांची नावे सांगतात आणि पंप सांगायचा राहून जातो.

कवळीचे पाहू. कवळीच्या प्लास्टिकला बारीक छिद्रे असतात आणि बुरशी त्यांत चिवट थर धरून बसते. तोंडाला औषध आणि कवळीला काहीच नाही, हा उपचार अर्धवट ठरतो. रात्री झोपताना कवळी काढलीच पाहिजे. टाळूला रोज काही तास लाळ आणि हवा लागली पाहिजे. कवळीची आतली बाजू, जी टाळूला चिकटते ती, रोज मऊ ब्रशने घासावी. संसर्ग असेपर्यंत ती 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिनमध्ये दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटे बुडवून नंतर नीट धुवावी. धातू नसलेल्या कवळीसाठी सौम्य हायपोक्लोराइट (पातळ ब्लीच) हेही चालते, धातूला मात्र ते खाते. आणि कवळी सैल होऊन घासत असेल, तर कितीही औषध दिले तरी टाळू शांत होणार नाही. ती दंतवैद्याकडून नीट बसवून घ्यावी लागेल.

आता पंपाच्या पद्धतीकडे येते, कारण पुन्हा होणे टाळण्याची खरी किल्ली तिथे आहे. मी प्रत्येक रुग्णाला स्वतःचा पंप माझ्यासमोर ओढायला सांगते. बऱ्याच वेळा असे दिसते की बटण दाबले जाते, पण श्वास आत घ्यायला पाऊण सेकंद उशीर होतो, आणि पांढरा फवारा जिभेवर आदळून ओठांच्या फटीतून धुरासारखा बाहेर येतो. तो धूर म्हणजे फुप्फुसात न गेलेले औषध. अशा वेळी दम पुरेसा आटोक्यात येत नाही म्हणून मात्रा वाढवली जाते, आणि तोंडात बसणारा वाटाही वाढतो.

फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, जोडणे हा यावरचा सर्वांत साधा उपाय आहे. फवाऱ्यातले मोठे थेंब स्पेसरच्या भिंतींवर बसतात, बारीक कण श्वासाबरोबर आत जातात, आणि दाबणे व ओढणे यांची वेळ अचूक जुळवण्याची गरज उरत नाही. पंप हलवून घ्यावा, श्वास पूर्ण सोडावा, ओठ घट्ट मिटून एकदाच दाबावे, सावकाश आणि खोल श्वास घ्यावा, साधारण 10 सेकंद रोखावा. दुसरा फवारा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून हेच पुन्हा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन आपोआप वाळू द्यावा. कपड्याने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटते. भुकटीच्या पंपाला स्पेसर चालत नाही आणि त्याची पद्धतही उलट असते, तिथे श्वास जोरात आणि वेगाने ओढावा लागतो. दोन्ही प्रकारचे पंप वापरणारे लोक या दोन पद्धतींची गल्लत करतात.

पंप घेतल्यावर लगेच चूळ भरावी, हे सगळेच सांगतात, पण चूळ कशी भरावी हे फारसे कोणी सांगत नाही. एक घोट पाणी पिऊन टाकणे म्हणजे चूळ नव्हे. कवळी काढावी, कारण तिच्याखाली पाणी पोहोचत नाही. पाणी तोंडात जोरात खळखळून थुंकावे, मग मान मागे करून घशापर्यंत गुळणी करून थुंकावे, आणि हे दोनदा करावे. अर्ध्या तासाने केलेली चूळ पहिल्या मिनिटातल्या चुळीची जागा घेत नाही. मी पंप दात घासण्याच्या लगेच आधी घ्यायला सांगते. म्हणजे खळखळणे वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही. लहान मुलांना किंवा मोठ्यांना मास्क लावून नेब्युलायझरमधून स्टेरॉइड दिले असेल, तर तोंडाबरोबर चेहराही धुवावा.

एवढे करूनही बुरशी परत येत असेल, तर दम्याच्या डॉक्टरांशी दोन गोष्टी बोलाव्यात. दमा सुमारे तीन महिने नीट आटोक्यात असेल तर मात्रा एक पायरी कमी करता येईल का, आणि सायक्लेसोनाइडसारखे औषध, जे मुख्यतः फुप्फुसात पोहोचल्यावर सक्रिय होते, ते आपल्याला योग्य आहे का. त्याच वेळी रक्तातील साखर, साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, हिमोग्लोबिन, लोह आणि बी-12 तपासून घ्यावे. वारंवार बुरशी होण्याचे पुरेसे कारण सापडत नसेल तर एचआयव्हीची तपासणीही करावी. त्यात संकोच किंवा संशय यांचा प्रश्न नाही, ती पूर्ण तपासणीचा भाग आहे. काही श्वासाची औषधे, ॲलर्जीच्या गोळ्या आणि मन शांत ठेवण्याच्या गोळ्या तोंड कोरडे करतात, तिकडेही पाहावे. धूम्रपान चालू असेल तर ते दमा आणि बुरशी या दोघांनाही खतपाणी घालते.

पुढील लक्षणे दिसली तर घरी थांबू नये. गिळताना छातीच्या मध्यभागी दुखणे किंवा घास अडकल्यासारखे वाटणे याचा अर्थ बुरशी अन्ननलिकेत उतरली असण्याची शक्यता आहे. तिथे तोंडात फिरवायचा द्राव पुरत नाही, पोटातूनच औषध द्यावे लागते आणि ते अधिक दिवस चालते. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र पाहून घ्यावे. तो स्टेरॉइडचा स्वरतंतूंवरील परिणाम असू शकतो, बुरशी असू शकते, किंवा दोहोंशी संबंध नसलेले काही असू शकते. आणि स्टेरॉइड चालू असताना, विशेषतः साखर वाढलेली असताना, चेहऱ्याची एक बाजू दुखणे किंवा बधिर होणे, दात एकाएकी हलणे, डोळ्याभोवती सूज येणे किंवा टाळूवर काळा चट्टा दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ती कॅन्डिडा नव्हे, म्युकरमायकोसिस, म्हणजे 'काळी बुरशी', असू शकते. कोविडच्या साथीत त्याचे भयंकर रूप अनेकांनी पाहिले आहे, आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

तुमच्या आईच्या वर्णनात यातले काही नाही, त्यामुळे घाबरण्याचे कारण दिसत नाही. या दोन-तीन दिवसांत त्यांना दंतवैद्याकडे किंवा मुखरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. जाताना कवळी घालून न नेता डब्यात न्या, पंप आणि ते मलम सोबत घ्या, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी कागदावर लिहून घ्या, आणि तपासणी झाल्यावर तिथेच, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, त्यांना एकदा पंप ओढून दाखवायला सांगा.